मुलांना फोटोग्राफी शिकवूया, पण सुरुवात फिल्टरपासून नको



मुलांच्या हातात मोबाईल द्यावा की नाही, यावर आपण सगळेच भरपूर बोललो आहोत. खरं सांगायचं तर तो देऊन झालाय. मग त्यातला कॅमेरा तरी मुलांना नीट वापरता यावा असं मला वाटतं. त्यासाठी लागणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. मी ती चौथी-पाचवीच्या मुलांसोबत वापरते. पण ज्या क्रमाने ती सुचवली जातात, म्हणजे आधी ॲप, मग फिल्टर, मग स्पर्धा, तो क्रम मला पटत नाही. का, ते सांगते.

मी देवबागला शिकवते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढचं गाव. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. हंगामात इथे जेवढी माणसं येतात तेवढे कॅमेरे येतात. आमची मुलं लहानपणापासून दुसऱ्यांच्या फोटोत आहेत. रापण ओढताना, होडीवर बसलेली, समुद्रात उड्या मारताना. शाळेतही तेच. पोषण आहाराचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, खाली तारीख आणि अक्षांश-रेखांश, की गेला अहवाल. माझ्या मोबाईलमधले हजारभर फोटो एकदा चाळले. त्यातला एकही मुलांनी काढलेला नव्हता. तिथून हे सुरू झालं.

पहिले दोन आठवडे मी मोबाईल बाहेर काढतच नाही. कौलारू घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात ना, तिथून सुरुवात करते. कौलांमधली फट वेडीवाकडी असते, मग कवडसा गोल का? मुलं आधी म्हणतात, "भोक गोल असतला." मग पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून बघतात. पुठ्ठा जमिनीजवळ असला तर चौकोनी उजेड, उंच धरला तर गोल. कारण तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणात हाच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. यानंतर बुटाच्या खोक्याचा सूचीछिद्र कॅमेरा केला की त्यात उलटा दिसणारा माड बघून कुणालाही "लेन्स म्हणजे काय" हे वेगळं शिकवावं लागत नाही. फेट या संकेतस्थळावर भिंग आणि प्रतिमा यांची सिम्युलेशन्स फुकट आहेत. ती अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत आणि त्यातली बरीच मराठीतही मिळतात. एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात, आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेटचं काय होतं ते सांगायला नको. पण कवडसा आधी, सिम्युलेशन नंतर.

मग मोबाईल. पाच मुलांत एक, आणि दिवसाला प्रत्येकाला तीनच फोटो. ही तीनची अट फार कामाची आहे. जुन्या रिळात छत्तीस फोटो असायचे, त्यामुळे माणूस दाबण्याआधी बघायचा. आता चाळीस काढायचे आणि एकही पुन्हा बघायचा नाही, अशी आपली मोठ्यांचीच सवय. कॅमेऱ्यात उभ्या-आडव्या रेघांची जाळी दाखवायची सोय असते, ती चालू करायची. पहिल्याच दिवशी एका मुलीने मैत्रिणीच्या फोटोतलं तिरकं क्षितिज बघून सांगितलं, "गो, दर्या सांडतलो!" त्या दिवसापासून आमच्या वर्गात क्षितिज सरळ ठेवण्याला 'दर्या सांडू नको' असंच म्हणतात.

उजेड शिकवायला देवबागसारखी जागा नाही. सकाळी सूर्य नदीच्या बाजूने, संध्याकाळी समुद्राच्या बाजूने, आणि दोन्ही काठ चालत काही मिनिटांवर. दुपारी पांढऱ्या वाळूत उभ्या केलेल्या मित्राचा चेहरा काळा का येतो? कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजून त्याची सरासरी काढतो आणि फोटो मध्यम उजेडाचा करायला बघतो. म्हणून उजळ वाळू मळकट होते आणि चेहरा अंधारात जातो. चेहऱ्यावर बोट दाबलं की तो उजळतो, पण मागचं आकाश पांढरं पडतं. दोन्ही एकदम मिळत नाही. ओपन कॅमेरा नावाचं एक मोफत ॲप आहे, त्यात उजेड हाताने कमी-जास्त करून पक्का करता येतो. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. मोठ्या मुलांना ते जरूर द्या.

आता मुख्य मुद्दा. एवढं शिकून मुलांनी फोटो कशाचे काढायचे? सूर्यास्ताचे? ते तर सगळेच काढतात. आमच्या गावाचा खरा विषय किनाऱ्याची धूप हा आहे. इथल्या मुलांनी तौक्ते वादळ पाहिलंय, दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे पाहिलेत, घरात "पूर्वी समुद्र तिकडे होता" हे रोज ऐकलंय. पण 'तिकडे' म्हणजे किती, हे दाखवायला घरात एकही फोटो नसतो. लग्नाच्या अल्बममध्ये मागे कुठेतरी थोडी वाळू दिसते, तेवढीच.

म्हणून आम्ही एकाच जागेवरून, एकाच दिशेला, महिन्यातून एकदा फोटो काढतो. ही काही माझी कल्पना नाही. 2017 साली सिडनीत कोस्टस्नॅप नावाचा उपक्रम सुरू झाला. किनाऱ्यावर मोबाईल ठेवायला एक पक्की खोबण बसवली, येणाऱ्या-जाणाऱ्याने फोटो काढून पाठवायचा, आणि संशोधक त्यातून किनारा किती सरकला ते मोजतात. त्याहून आधी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाचं हळूहळू होत जाणारं चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. मुलांना मी फाळक्यांचंच उदाहरण देते, ते लगेच कळतं.

आमच्यापुढची अडचण होती भरती-ओहोटीची. भरतीला काढलेला फोटो ओहोटीच्या फोटोशेजारी ठेवला तर काहीही सिद्ध होतं! यावर उपाय मुलांच्या आजोबांकडून मिळाला. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा आपला जुना ढोबळ हिशोब. पंचमीला दुपारी भरती, म्हणजे सकाळी ओहोटी. म्हणून दर महिन्याची शुद्ध पंचमी, शाळा भरण्याआधी. पंचमी सुट्टीला आली तरी मुलं येतात, बाईच कधी कधी येत नाहीत. इन्कॉईस या हैदराबादच्या संस्थेचे समुद्राचे अंदाजही फुकट बघता येतात, ते आम्ही पडताळून घेतो. उधाणाच्या लाटांचा इशारा असला तर त्या दिवशी फोटो नाही.

पहिली खूण आम्ही एका माडावर चुन्याने केली होती. तो माडच आता नाही. दुसरी खूण एका पडवीच्या खांबावर आहे.

वर्षभराचे फोटो ओळीने लावले तेव्हा मुलं गप्प झाली. मग एकाने विचारलं, "बाई, हयसर रेती होती, ती खय गेली?" पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर बरीचशी परत आणून टाकतात, हे त्या फोटोत दिसत होतं. 'बरीचशी' म्हणजे सगळी का, हे एका वर्षात कळत नाही. तेही मुलांना सांगितलं. गुगल अर्थ प्रो संगणकावर मोफत आहे, त्यात मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं बघता येतात. प्रत्येकाने आधी आपलं घर शोधलं आणि मग घरापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. त्या दिवशी गणिताचा तास वेगळा घेतला नाही.

पालकांसाठी थोडं. फुकट म्हणजे कायमचं फुकट नव्हे. गुगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली हे तुम्ही अनुभवलंच आहे. म्हणून आमचे फोटो पेनड्राईव्हवरही असतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंदही जाते. मुलांच्या नावाने कुठेही खातं उघडत नाही, सगळं माझ्या मोबाईलवर. मुलांचे चेहरे असलेले फोटो शाळेबाहेर जात नाहीत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. 'जास्त लाईक्स त्याला बक्षीस' अशा स्पर्धेत मी मुलांना उतरवत नाही. यावरून काही पालक नाराज आहेत. असोत.

आणि आता फिल्टरचं. स्नॅपसीड हे मोफत ॲप मी शेवटी शिकवते. त्यात फोटोतला नको तो भाग पुसायची सोय आहे. पाचवीतल्या एका मुलाने त्याने काढलेल्या किनाऱ्याच्या फोटोतला बंधाऱ्याचा दिसणारा कोपरा पुसून टाकला. फार सफाईने. दगडांच्या जागी वाळू. मी विचारलं, "हे का केलंस?" तो म्हणाला, "बाई, पप्पांका जाहिरातीक व्हयो." त्याच्या घरी निवास-न्याहारीची सोय आहे. बंधारा दिसला तर पर्यटक दुसरीकडे जातात, हे त्याने घरी ऐकलेलं. त्याच घराला तो बंधारा वाचवतोय, हेही त्याला माहीत आहे.

मी त्याला काय सांगायला हवं होतं? खोटं आहे, पुसू नको? त्याचं घर त्या चार महिन्यांच्या धंद्यावर चालतं. छान केलंस? मग पंचमीच्या फोटोंचं काय? मी एवढंच केलं की मूळ फोटो वेगळा ठेवायला लावला आणि पुसलेल्यावर 'बदल केला आहे' असं त्याच्याकडून लिहून घेतलं. आमच्या वर्गाचा आता तो नियम आहे, मूळ फोटोला हात लावायचा नाही. जाहिरातीत कुठला गेला ते मी विचारलं नाही.

त्याची आई परवा शाळेत आली होती. मला वाटलं तक्रार असेल. तिने विचारलं, "बाई, ते दर म्हयन्याचे फोटो तुमच्याकडे हत मां? नुकसानीच्या पंचनाम्याक लागतले तर देशात?" पुढच्या पंचमीपासून फोटोत तिचं अंगणही येईल असा कोन आम्ही शोधतोय. खांबावरची खूण त्यासाठी हातभर सरकवावी लागेल, आणि मग आधीच्या फोटोंशी मेळ कसा घालायचा, हे सध्या पाचवीचा वर्ग ठरवतो आहे.