‘फनी पेजेस’: कौतुक आणि कुरकुर

शाळेचे शेवटचे वर्ष अर्धवट टाकून मुलगा घरी सांगतो, ‘मी व्यंगचित्रेच काढणार.’ चालती पेढी असो वा पगारदाराचे घर, असे वाक्य ऐकल्यावर जेवणाचे ताट थोडा वेळ तसेच राहते. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन या सुखवस्तू गावी घडणाऱ्या ‘फनी पेजेस’ या विनोदी चित्रपटाचा नायक रॉबर्ट नेमके हेच करतो.

ओवेन क्लाइन यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२२ च्या मे महिन्यात कान येथील ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात तो प्रथम दाखविला गेला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. बहुतेक समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. टेरी झ्विगॉफ यांचे ‘क्रम्ब’ आणि ‘घोस्ट वर्ल्ड’ हे चित्रपट अनेकांना आठवले. सोळा मिलिमीटर फिल्मवरील खरखरीत दृश्ये, घामट चेहरे, कोंदट खोल्या यांची वाखाणणी झाली. काहींना मात्र त्याच गोष्टी सोसवल्या नाहीत. जीव लावावा असे एकही पात्र यात नाही, असा त्यांचा आक्षेप.

आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. आवडत्या चित्रकला शिक्षकाच्या अपघाती मृत्यूनंतर रॉबर्ट घर सोडतो आणि ट्रेंटन शहरात एका तळघरात जागा घेतो. बॉयलरच्या उष्म्याने तापलेल्या त्या जागेत दोन मध्यमवयीन पुरुष आधीच राहत असतात. त्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नाही, रॉबर्टला आहे. दारिद्र्य हे त्याच्या दृष्टीने चित्राचा विषय आहे, त्यांच्या दृष्टीने रोजचा दिवस. चित्रपटातील बोचरे हास्य या फरकातून उपजते. क्लाइन हे केव्हिन क्लाइन व फीबी केट्स या नामवंत कलावंतांचे पुत्र. आपल्यासारख्याच सुस्थित घरातील मुलाला त्यांनी सवलत दिलेली नाही, हे विशेष.

मॅथ्यू माहर यांनी साकारलेला वॉलेस मात्र सर्वांच्या लक्षात राहिला. वॉलेस एकेकाळी इमेज कॉमिक्समध्ये रंगविभाजनाच्या कामात साहाय्यक होता, म्हणजे छपाईसाठी चित्रातील रंग वेगळे करण्याच्या कामात. चित्रकार म्हणून त्याचे नाव कोठेच नाही. रॉबर्टला तो थोर गुरू वाटतो. वॉलेसला गुरुपद नकोच आहे. शिकवणीसाठी पैसे देऊ करून, पुढे नाताळच्या दिवशी त्याला आपल्या घरी आणून रॉबर्ट जो गोंधळ ओढवून घेतो, त्यात हसू आणि भय यांची सीमा उरत नाही. विरोध करणारे आईवडीलही येथे खलनायक नाहीत. ते गोंधळलेले आहेत, इतकेच.

शेवट मात्र तुटक वाटतो. भाषा आणि काही प्रसंग पाहता घरातील लहानांसह बसून पाहण्याचा हा चित्रपट नाही. चित्रकलेचा हट्ट धरलेला मुलगा ज्या घरी असेल, तेथील थोरांनी तो आधी एकट्याने पाहावा, मग त्याच्यासोबत.