कंपनीला न पडणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी काही मिनिटे त्या गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन द्यायचे. लिग्नोकेन म्हणजे दाढ काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात तेच औषध. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंजेक्शन न दिलेल्या गटात पाच वर्षांनी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के. फरक लहान दिसतो. पण दर शंभर स्त्रियांमागे तीन-चार जणींचा जीव, तोही शंभर रुपयांच्या आतबाहेरच्या औषधाने, असा त्याचा हिशेब आहे. इतर देशांत याची पुन्हा पडताळणी व्हायला हवी, हे खरेच. ती करण्याची घाई मात्र कोणालाही दिसत नाही, कारण लिग्नोकेन विकून कोणी श्रीमंत होणार नाही.

सार्वजनिक संशोधन रुग्णालय कशासाठी हवे, याचे उत्तर इथे आहे. औषध कंपनीला नव्या औषधाचे काम सिद्ध करायचे असते. त्याच औषधाच्या दहाव्या हिश्श्यात भागते का, हा प्रश्न तिला पडत नाही आणि पडून परवडणारही नाही. टाटात तो विचारला गेला. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे महागडे औषध. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात त्याची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम मात्रा इतर स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे २०२२ चे संशोधन. हे रुग्ण बरे झाले असे कोणी म्हणत नाही; ज्यांच्या घरची जमीन पूर्ण मात्रेसाठी विकली गेली असती, किंवा बहुतेकदा विकूनही पुरली नसती, त्यांना काही महिने अधिक मिळाले.

हा वारसा जुना आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय उभे राहिले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४० च्या दशकात 'धोतराचा कर्करोग' नोंदवला होता. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली होणारा हा त्वचेचा कर्करोग. रुग्ण कसा राहतो, काय नेसतो, काय चघळतो, हे पाहिल्याशिवाय तो सापडलाच नसता. समोरच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस, गोव्याच्या मुळाचे, याच रुग्णालयाचे शल्यचिकित्सक.

याच परंपरेतला सर्वांत मोठा प्रयोग रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाला. १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचे (साध्या भाषेत व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असते तेच), मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दारोदार फिरणाऱ्या त्या सेविका, आधी दार लावून घेणाऱ्या सासवा, नवऱ्याची परवानगी, पाणी यायच्या वेळेआधी उरकायची तपासणी, यातले काहीच शोधनिबंधात मावत नाही. संशोधन उभे राहिले ते मात्र यावरच.

या प्रयोगावर टीकाही झाली आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तुलनेसाठी निवडलेल्या निम्म्या स्त्रियांना कर्करोगाची माहिती दिली, लक्षणे दिसली तर टाटात उपचारांची सोय होती. पण तपासणी झाली नाही. त्यांच्यातल्या काही जणी एरवी वाचू शकल्या असत्या. संमती घेताना त्यांना हे पुरेसे उलगडून सांगितले होते का, हा प्रश्न प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतही विचारला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की, तेव्हा या पद्धतीने मृत्यू टळतात याचा पुरावा नव्हता आणि देशातील स्त्रियांना कुठलीच तपासणी मिळत नव्हती. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिल्यात संशोधनाचे समर्थन आहे, दुसऱ्यात मात्र आरोग्यव्यवस्थेची कबुली आहे. 'काहीच न मिळणे' हाच जिथे प्रचलित उपचार असतो, तिथे संशोधकाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. मिळालेले उत्तर त्या स्त्रियांपर्यंत आणि त्यांच्या लेकींपर्यंत पोहोचवण्याची ती जबाबदारी आहे, आणि ती एकट्या रुग्णालयाची नाही.

दुसरी बाब पाठपुराव्याची. पाच वर्षांनी किती जणी हयात, हे सांगायचे तर पाच वर्षे त्या परत आल्या पाहिजेत. नंदुरबारहून, बीडहून, जौनपूरहून, दरभंग्याहून. किरणोपचार पाच-सहा आठवडे रोज असतात आणि केमोथेरपी महिनोन्महिने चालते. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेतून किंवा आयुष्मानमधून निघतो, रेल्वे भाड्यात सवलत देते. मुंबईत इतके दिवस झोपायचे कुठे, याचे उत्तर कुठल्याच योजनेत नाही. ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडच्या केंद्रांत मिळते. तिथे जागा नसली की फुटपाथवर. प्लास्टिकच्या कागदाखाली, फाईल उशाशी घेऊन बसलेली कुटुंबे परळला येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांनी पाहिलेली आहेत, इतकी की आता ती दिसेनाशी झाली आहेत.

याला दानधर्म म्हणून बाजूला काढणे ही चूक आहे. टाटाच्या बालकर्करोग विभागातील अनुभव पाहा. २००९ च्या सुमारास पाचांपैकी जवळपास एका मुलाचे उपचार घरचे नाकारत किंवा अर्ध्यात सोडून देत. औषधे तीच, डॉक्टर तेच. पुढे राहण्याची, जेवणाची, रक्ताची, प्रवासाची सोय, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाच्या घरी फोन करणारी माणसे, असे सगळे एकत्र बांधले गेले. काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. एवढ्या मुलांना उपचारांत टिकवणारे दुसरे औषध कुठल्याच कंपनीकडे नाही. तरीही नव्या रुग्णालयाचा आराखडा होतो तेव्हा यंत्रांचा आकडा कोटींत असतो आणि नातेवाइकांच्या निवाऱ्याची रेघ 'स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने' या शब्दांत संपते. समाजसेवकांची पदे भरायची वेळ आली की ती सर्वांत शेवटी आठवतात. ही तरतूद मूळ खर्चातच हवी, यंत्रसामग्रीच्या ओळीशेजारी.

आणि उत्तरांचे काय झाले? वस्त्यांमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये जगासमोर आले. त्याआधी २००९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, आताच्या धाराशिवच्या, खेड्यांतून एक मोठा निष्कर्ष आला होता. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या त्या अभ्यासात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे ज्ञान जगाने उचलले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मात्र ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या जेमतेम २ टक्के निघाल्या. मुंबईच्या आणि मराठवाड्याच्या स्त्रियांनी शरीर देऊन मिळवलेले उत्तर त्यांच्याच तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीनंतर ही व्हिनेगरची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मोफत मिळायला हवी. पाच मिनिटे लागतात, भूल लागत नाही. घरातल्या तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीसाठी ती जवळच्या केंद्रात मागावी. 'इथे होत नाही' असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे.