दाव्याचा खर्च कोणी सोसावा?

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा अखेरचा भाग सहसा कोणी लक्षपूर्वक वाचत नाही. ‘दावा खर्चासह मंजूर’ किंवा ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’ एवढेच शब्द तेथे असतात. परंतु न्यायालयाचा दरवाजा कोणाला खुला आणि कोणाला बंद, हे पुष्कळ अंशी याच शब्दांवर ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ वकीलवर्गावर सोपवून चालणार नाही.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ नुसार खर्च देवविणे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. मात्र हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा सामान्य नियम असून, त्याला अपवाद करावयाचा झाल्यास न्यायालयाने कारणे लेखी नमूद केली पाहिजेत. व्यवहार निराळाच आहे. असंख्य प्रकरणांत ज्याचा खर्च त्याच्यावरच सोडला जातो आणि त्याचा फायदा अप्रामाणिक पक्षकार उठवतात, हे सर्वोच्च न्यायालयानेच २००५ मध्ये सेलम वकील संघाच्या प्रकरणात नमूद केले.

जेथे खर्च मिळतो तेथेही काय मिळते? कोर्ट फी, वकीलपत्राचा स्टँप, साक्षीदारांचा भत्ता आणि नियमातील कोष्टकाप्रमाणे ठरलेली वकील फी. वकिलाला प्रत्यक्षात मोजलेली रक्कम त्यात नसते. तारखेपायी बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि वाया गेलेली वर्षे यांचा तर उल्लेखही नसतो. कूळ, भाडेकरू किंवा थकित वेतनासाठी झगडणारा कामगार अशा रीतीने जिंकूनही हरतो. उलट, वादग्रस्त जमीन ज्याच्या ताब्यात आहे, त्या धनिकाला विलंब हाच किफायतशीर धंदा ठरतो. दहा वर्षांचे उत्पन्न त्याच्या हाती राहते आणि शेवटी भरावयाचा खर्च त्यापुढे नगण्य असतो.

खोट्या व त्रासदायक दाव्यांसाठी कलम ३५-अ आहे. परंतु त्याखालील भरपाईची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ठरलेला हा आकडा सामान्य दाव्यांत आजही कायम आहे. मोठ्या व्यापाऱ्यांचे मात्र तसे नाही. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने वाणिज्यिक वादांपुरती ही मर्यादाच काढून टाकली. तेथे पक्षकारांचे वर्तन कसे होते, वाजवी तडजोड कोणी नाकारली, हे पाहून खर्च ठरतो. व्यापाऱ्याच्या वेळेला मोल आहे. शेतमजुराच्या नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

यावर सोपा उपाय सुचविला जातो: हरणाऱ्याकडून सर्व प्रत्यक्ष खर्च वसूल करा. येथे सावध राहिले पाहिजे. कंपनीच्या नामांकित वकिलांची फी आपल्या माथी येईल, या धास्तीने गरीब माणूस खरा दावाही दाखल करणार नाही. आदेश ३३ खाली निर्धन वादीला कोर्ट फीची सवलत आहे. पण दावा हरला तर तीच फी त्याच्याकडून वसूल करण्याचा हुकूम होतो. समान दंड असमान माणसांवर समान पडत नाही, हे अर्थशास्त्राचे साधे सत्य आहे.

‘हरेल तो भरेल’ या तत्त्वाचे माहेरघर असलेल्या इंग्लंडनेही हे ओळखले. तेथे २०१३ पासून शारीरिक इजेच्या भरपाईसाठी दावा करणारा प्रामाणिक वादी हरला, तरी प्रतिवादीचा खर्च सहसा त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागत नाही. जिंकल्यास मात्र त्याला खर्च मिळतो. दुर्बलाला न्याय मागताना भय वाटू नये, हे त्यामागील सूत्र आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. खर्च ठरविताना वर्तन आणि ऐपत दोन्ही पाहावीत. जाणूनबुजून विलंब लावणाऱ्या सधन पक्षकारावर, आणि तो सरकार असेल तर सरकारवरही, वास्तव खर्च बसवावा. बुडालेली मजुरी खर्चात धरावी. शासन किंवा बड्या कंपनीविरुद्ध प्रामाणिकपणे लढून हरलेल्या निर्धनाला प्रतिपक्षाच्या खर्चातून मुक्त ठेवावे. समान न्याय व मोफत विधी साहाय्य यांची ग्वाही देणारे संविधानाचे कलम ३९-अ हे १९७६ सालचेच. त्याच साली ठरलेले तीन हजार तेवढे जिवंत राहावेत आणि ग्वाही कागदावर राहावी, हे कार्यकर्त्यांनी मुकाट्याने सोसू नये.