जिन्यावरून पडणे हा केवळ वेंधळेपणा नव्हे

चेन्नईच्या दक्षिण भागातील पेरुंगुडीत कारखाने आणि संगणक कंपन्यांच्या उंच इमारती जवळजवळ उभ्या आहेत. महाराष्ट्रातील मुलेमुलीही नोकरीसाठी तिकडे जातात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. ओल्या चपला, गुळगुळीत फरशी, लिफ्टपाशी गर्दी म्हणून धरलेला जिना, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोबाइल. पाय घसरायला एवढे पुरते.

पडलेला माणूस चटकन उठतो आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणत जागेवर जाऊन बसतो. संध्याकाळी घोटा सुजतो. घरचेही म्हणतात, ‘पाहून चालता येत नाही का?’ या संकोचापायी अपघाताची नोंदच होत नाही आणि हक्क हातचा जातो.

कायदा घरच्यांइतका कठोर नाही. कामावर झालेल्या इजेची भरपाई केवळ कामगाराच्या निष्काळजीपणाचे कारण देऊन नाकारता येत नाही. नशा केली असेल किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला असेल, तर गोष्ट वेगळी. १९२३ च्या कायद्यातील हे तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ई. एस. आय. योजनेतील कामगाराला उपचार मिळतात, शिवाय इजेमुळे काम बंद राहिल्यास वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कमही मिळते.

मात्र त्यासाठी पुरावा हवा. पडल्यावर त्याच दिवशी वरिष्ठांना कळवावे. अपघात नोंदवहीत वेळ, जागा आणि पाहणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. इजा कामावर झाली, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे व कागदपत्रे जपून ठेवावीत.

दोष पुष्कळदा पायरीचाच असतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयातील पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी आणि ३० सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी. दोन-तीन पायऱ्यांतच पावलाला उंचीची सवय होते. मग एखादीच पायरी कमी-जास्त असली, तरी तोल जातो. भक्कम कठडा, पुरेसा उजेड आणि पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी, एवढ्याने बरेच अपघात टळतात.

नोंद झाली, तरच ती पायरी दुरुस्त होते. नाहीतर उद्या तिच्यावरून दुसरा कोणी घसरतो.