प्रार्थना लावायची की म्हणायची?

गेल्या महिन्यात सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही आठवी-नववीच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला. आपण रोज जी हिंदी प्रार्थना ऐकतो, तिची चाल कोणी बांधली? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "आपल्या शाळेनेच." दुसऱ्याने सांगितले, "ती जुनीच आहे, कोणी बांधली नसेल." आम्हांला हसू आले. पण घरी जाताना वाटले की एखाद्या संगीतकाराला याहून मोठे बक्षीस ते कोणते मिळणार? त्याची चाल इतकी सर्वांची झाली की त्याचे नावच गळून पडले.

ते नाव वसंत देसाई. आणि हा माणूस आपल्याला परका नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी ओलांडली की पुढे कुडाळ लागते. त्या कुडाळ भागातल्या सोनवडे गावी ९ जून १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला. दशावताराची पेटी आणि भजनाचे टाळ ऐकतच जिथे पोर मोठे होते, असा तो मुलूख.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. वसंतराव सुरुवातीपासून तिथे होते. पण संगीतकार म्हणून नव्हे! पडेल ते काम करणारा एक होतकरू मुलगा म्हणून. 'खूनी खंजर' या मूकपटात त्यांनी काम केले. पुढे बोलपट आले तेव्हा ते गायलेही. प्रभातमध्ये त्या काळात गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव असे एकाहून एक जाणकार संगीतकार होऊन गेले. त्यांच्या सावलीत राहून वसंतराव शिकले. १९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. त्या संस्थेच्या १९४३ च्या 'शकुंतला'चे संगीत वसंतरावांकडे आले. म्हणजे पहिल्या दिवसापासून मोजले तर चौदा वर्षे झाली होती. पहिलीला आलेले मूल दहावी होऊन वर आणखी चार वर्षे शिकेल, एवढा हा काळ. दोन महिन्यांच्या शिबिरात गायक घडवू म्हणणाऱ्या जाहिराती वाचणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्यानंतरची कामगिरी मोठीच आहे. सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवरचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ चा, होनाजी बाळाच्या जीवनावरचा 'अमर भूपाळी' १९५१ चा, आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या गवयाला शीर्षकगीत गायला लावले. १९५९ च्या 'गूंज उठी शहनाई'मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई घराघरांत पोचवली. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचे 'देव दीनाघरी धावला' या नाटकातले द्वंद्वगीत आजही मराठी घरांत ऐकू येते. त्याची चालही वसंतरावांचीच.

इतके अवघड काम हाताशी असलेल्या या माणसाने दोन प्रार्थना केल्या. पहिली १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली, भरत व्यास यांनी लिहिलेली. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेला हा चित्रपट, कथा ग. दि. माडगूळकरांची. खुनाच्या शिक्षेतले सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, यांची ही गोष्ट. दुसरी प्रार्थना १९७१ च्या 'गुड्डी'मधली, गुलजार यांची. ती तर चित्रपटातच शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी येते. दोन्हींच्या चाली पाहा. ज्याला गाणे शिकवलेले नाही त्यालाही त्या झेपतात, आणि एकट्यापेक्षा दोनशे गळ्यांतून त्या अधिक खुलतात. हे सोपेपण आपोआप आलेले नाही. ज्याला अवघड येते त्यानेच जाणून-बुजून केलेले हे सोपे आहे. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात वसंतराव गेले. त्यांचे कितीतरी चित्रपट आज कोणी पाहत नाही, पण देशातल्या असंख्य शाळांत सकाळी त्यांची चाल असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर आम्ही 'जी प्रार्थना ऐकतो' असे लिहिले, ते चुकून नव्हे. आपले गायनाचे गुरुजी निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. पेटी कपाटात आहे. प्रार्थना ध्वनिवर्धकावर लावली जाते, मुले हात जोडून उभी राहतात. निम्म्यांचे ओठ हलतात, उरलेल्यांचे तेही नाही. ध्वनिवर्धकातला आवाज सुरेल असतो, कबूल. पण दोनशे मुलांनी म्हणावी म्हणून केलेली चाल दोनशे मुलांना गप्प उभे करून ऐकवायची, हे आम्हांला उलटे वाटते.

विश्वस्त मंडळाची अडचण आम्ही जाणतो. पटसंख्येची चिंता आहे, विनाअनुदानित जागेचा पगार संस्थेच्या खिशातून जातो. पालकांचेही म्हणणे खोटे नाही. ते विचारतात, "गाण्यात पुढे काय आहे? तो तास गणिताला दिला तर दहावीचे चार मार्क वाढतील." यावर वसंत देसाईंचे उदाहरण देऊन 'तुमचे मूलही असे मोठे होईल' असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे आश्वासन ठरेल. प्रभातच्या दारात त्या काळी कितीतरी मुले आली असतील, सगळे वसंत देसाई झाले नाहीत.

आमचे म्हणणे वेगळे आहे. गायनाचा तास गायक होणाऱ्या एकासाठी नसतो, न होणाऱ्या एकोणचाळीस जणांसाठी असतो. सुरात सूर मिसळायचा तर आधी शेजाऱ्याचे ऐकावे लागते, आपला आवाज आवरावा लागतो. सीमाभागातल्या आपल्या मुलांना तर याची जास्तच गरज. सकाळच्या पंधरा मिनिटांत ती राष्ट्रगीत म्हणतात, कन्नड नाडगीत म्हणतात, मराठी आणि हिंदी प्रार्थना म्हणतात. या भाषा भांडणाविना एका रांगेत उभ्या राहतात त्या गाण्यातच. वसंतरावांनीही तेच केले. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या शंकराचार्यांची संस्कृत रचना गायली. तिची चाल कोकणातल्या या मराठी माणसाने बांधली होती. आपली भाषा टिकवणे म्हणजे दारे लावून बसणे नव्हे, हे यापेक्षा चांगले कोण सांगणार?

म्हणून आमच्या तीन सूचना. पहिली, विश्वस्त मंडळाने निदान अर्धवेळ गायन शिक्षकाची नेमणूक येत्या वर्षी करावी. खर्चाचा काही भाग माजी विद्यार्थ्यांकडून उभा करण्याचे काम आम्ही अंगावर घेऊ. दुसरी, तोपर्यंत दर शनिवारी ध्वनिवर्धक बंद ठेवावा. पेटी-तबला येणारे पालक आपल्यात आहेत, त्यांनी अर्धा तास द्यावा. पहिले काही शनिवार बेसूर जातील, जाऊ द्यावेत. तिसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी, आणि तिला पैसा लागत नाही. प्रार्थनेच्या फळ्यावर प्रत्येक गीताखाली कवी आणि संगीतकार यांची नावे लिहा.

नाव गळून पडणे हे संगीतकाराचे बक्षीस असेलही. ते आठवणे मात्र आपले काम आहे.