गाडी जागेवरच पडली, पण घोटा मोडला
मित्रांनो, साइटवर जाताना सोबत्याला मागं बसवणं ही आपली गावाकडची सवय. पण डबलसीट थांबताना हँडल वळलेलं असलं आणि पुढचा ब्रेक दाबला, की दोनशे किलोची गाडी जागेवरच आडवी होते. मागच्याचा घोटा खाली सापडतो.

मग बिल कुणाचं? अमेरिकेत घर ते साइट प्रवासातली दुखापत वर्कर्स कॉम्पेन्सेशनमध्ये सहसा बसत नाही. साहेबानं कामासाठी पाठवलं असेल तर बहुधा बसते. लगेच लेखी कळवा. पैसे नाहीत म्हणून इमर्जन्सी टाळू नका: १९८६ च्या एम्टाला कायद्यानं जवळपास प्रत्येक हॉस्पिटलला तिथं तपासावंच लागतं. बिल मात्र नंतर येतंच.

म्हणून आपल्या पॉलिसीत मागच्याचा विमा आहे का, ते आधी बघा. नसेल तर "बस रे मागं" म्हणणं ही मैत्री नव्हे.