हाताची छोटी शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके



हाताच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस प्रतिजैविके घ्यावीतच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटण्याजोगे नाही. मनगटातील दबलेली नस मोकळी करणे किंवा अडकणारे बोट सोडवणे या शस्त्रक्रिया ‘स्वच्छ’ गटात, म्हणजे आधी जंतुसंसर्ग नसलेल्या जागी केलेल्या शस्त्रक्रियांत, मोडतात. हाताचा रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथे जखम चिघळण्याचे प्रमाण मुळातच अत्यल्प असते, गोळ्यांनी ते लक्षणीय घटत नाही, उलट जुलाब, पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र पदरात पडू शकतात. शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक प्रतिजैविके लांबवू नयेत, असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. प्राण्याचा चावा किंवा मातीने माखलेली जखम यांची गोष्ट अर्थात वेगळी. टाक्यांभोवतीची लाली पसरू लागल्यास वा पू दिसल्यास रुग्णाने घरातल्या उरलेल्या गोळ्या न घेता शल्यविशारदाला हात दाखवावा.

– एक वाचक